नाणे कुठे सापडले?

मोठ्या नाणे-प्रदर्शनातला पहिला व्यवहार बहुतेक वेळा उद्घाटनाआधीच झालेला असतो. पाहुणे यायचे असतात, समई पेटायची असते, पण विक्रेते टेबलावर कापड अंथरता अंथरता शेजाऱ्याच्या पेटीत डोकावू लागलेले असतात. नगरहून आलेल्या विक्रेत्याला तर ठरलेला प्रश्न येतो, "शेठ, निजामशाही काय आणलंय?" पुढच्या तासाभरात माझ्याकडची चांगली दहा-वीस नाणी दुसऱ्यांच्या टेबलांवर गेलेली असतात आणि त्यांची काही माझ्याकडे आलेली असतात. सामान्य माणूस दारातून आत येतो तेव्हा प्रदर्शनाचा निम्मा बाजार होऊन गेलेला असतो.

नाणी विकण्याच्या या धंद्यात राहून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे. नाण्यावर काय लिहिले आहे हे पुस्तकात मिळते. किती वजन आहे हे काटा सांगतो. खरे की खोटे हे भिंग आणि अनुभव सांगतात. पण ते कुठे सापडले, कशाबरोबर सापडले, हे फक्त ते पहिल्यांदा हातात घेणारा माणूस सांगू शकतो. त्याने सांगितले नाही, किंवा आम्ही विचारले नाही, तर ती माहिती जगातल्या कोणत्याही ग्रंथालयात परत मिळत नाही. म्हणून या प्रकरणात प्रदर्शनातले टेबल कसे चालते हे सांगतानाच, त्या टेबलावर येताना नाण्यापासून काय सुटून जाते आणि ते कसे वाचवता येईल, हेही सांगायचे आहे.

एका छपराखाली तीन बाजार

महाराष्ट्रात अशी प्रदर्शने आता चांगली रुजली आहेत. पुण्यात 'इंटरनॅशनल कलेक्टर्स सोसायटी ऑफ रेअर आयटम्स' ही संस्था 'कॉइनेक्स' भरवते. मुंबईत मुंबई कॉइन सोसायटीचे प्रदर्शन असते. बंगळूर, कोलकाता, हैदराबादलाही विक्रेते पेट्या घेऊन जातात. जगभर हा सिलसिला आहे. न्यूयॉर्कला जानेवारीत, बर्लिनला हिवाळ्याच्या अखेरीस आणि अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनचे उन्हाळ्यात, अशी मोठी प्रदर्शने ठरलेली असतात.

बाहेरून सगळे एकच दिसत असले तरी आत तीन बाजार चालतात. पहिला विक्रेत्या-विक्रेत्यांचा. कोलकात्याच्या माणसाकडे बंगाल सुलतानांचे टंके असतात, राजकोटच्या माणसाकडे कच्छच्या कोऱ्या, आमच्याकडे दख्खनचे तांबे. प्रत्येकाकडे जे मुबलक आहे ते दुसऱ्याला दुर्मिळ असते, आणि ही अदलाबदल हाच आमचा कणा आहे. दुसरा बाजार संग्राहकांचा. यादी आणि भिंग घेऊन येणारी ही माणसे एकाच टाकसाळीमागे किंवा एकाच राजामागे वीस-वीस वर्षे असतात. अनेकदा त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते. तिसरा बाजार लिलावाचा. त्याचे सचित्र कॅटलॉग आधीच छापून आलेले असते, लॉट हातात घेऊन पाहण्यासाठी वेळ ठेवलेली असते आणि मग सभागृहात बोली लागते.

या तिन्ही बाजारांत वयाला किंमत नाही, हे नव्या माणसाला पटायला वेळ लागतो. सातवाहनांचे पोटीनचे, म्हणजे तांबे, शिसे, कथील यांच्या मिश्रधातूचे हत्तीछाप नाणे जवळपास दोन हजार वर्षांचे असूनही काही शे रुपयांत मिळू शकते. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया शंभर वर्षांचाही नाही, पण त्याची किंमत त्या हत्तीछापाच्या कितीतरी पट आहे. किती शिल्लक राहिली, किती जणांना हवी आहेत आणि कोणत्या स्थितीत आहेत, या तीन गोष्टी भाव ठरवतात.

नगरच्या पेटीत काय असते

नगरकडचा माल येतो कुठून? जुना वाडा पाडताना भिंतीतल्या कोनाड्यातून, मोडीत आलेल्या तांब्या-पितळेच्या गाठोड्यातून, सराफाकडे पडून राहिलेल्या वाटीतून आणि सर्वांत जास्त देव्हाऱ्यातून. पिढ्यान्‌पिढ्या लक्ष्मीपूजनाला पुजलेली शिवराई हळदीकुंकवाने गुळगुळीत झालेली असते. घरातले वडीलधारे माणूस गेले, भावाभावांत वाटण्या झाल्या, की अशी नाणी बाहेर पडतात.

या जिल्ह्याच्या मातीचा पैशाशी संबंध फार जुना. प्रवरेकाठी नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन थरांत नाणी मिळाली. थरात मिळालेल्या नाण्याचे मोल वेगळे असते. शेजारची भांडी, मणी, विटा कोणत्या काळातल्या हे ते नाणे सांगते, आणि नाण्याचा काळ निश्चित करायला ती भांडी मदत करतात. तेच नाणे सुटे होऊन माझ्या टेबलावर आले तर ते फक्त स्वतःपुरते बोलते.

पण नगरचे खास नाणे म्हणजे निजामशाहीचे तांब्याचे फलूस. या घराण्याचा संस्थापक मलिक अहमदने २८ मे १४९० रोजी बहमनी फौजेचा पराभव केला आणि १४९४ मध्ये त्याच जागी शहर वसवायला घेतले. घराणे १६३६ पर्यंत टिकले. इतक्या मोठ्या आणि श्रीमंत राज्याची नाणी मात्र मुख्यतः तांब्याचीच मिळतात, आणि तीही पहिल्या मुर्तजाच्या, म्हणजे १५६५ ते १५८८ च्या राजवटीपासूनची. त्याआधी बाजारात बहमनी तांबे चालतच होते; मोठ्या व्यवहारांना विजयनगरकडचे होन आणि इतर परकी नाणी होती. नवे राज्य आले म्हणून लोकांच्या हातातला पैसा लगेच बदलत नाही, हे या नाण्यांकडे पाहून कळते.

फलूसवर टाकसाळीचे नाव असते, हिजरी सन असते. अहमदनगर, मुर्तजानगर, बुरहानाबाद, परांडा, दौलताबाद ही नावे वाचता आली की राज्य कुठून कुठे सरकत होते याचा माग लागतो. १६०० मध्ये मुघलांनी नगरचा किल्ला घेतल्यावर मलिक अंबरने परांड्याला दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवले आणि राज्य चालू ठेवले, हे इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत येते. नाणी वाचणारा माणूस ती ओळ तांब्यावर शोधतो. सन वाचण्याचा ढोबळ हिशेब सोपा आहे. हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणायचे आणि त्यात ६२२ मिळवायचे. ९९९ असेल तर उत्तर येते १५९१, म्हणजे दुसरा बुरहान गादीवर आला ते वर्ष.

त्याच पेटीत मुघलांच्या अहमदनगर टाकसाळीचे औरंगजेबाच्या नावाचे रुपये असतात. मुघल रुपयावर हिजरी सनाबरोबर राज्यारोहणापासूनचे वर्षही असते. या बादशहाच्या चांदीच्या नाण्यावरच्या फारसी लेखात पूर्णचंद्राची उपमा येते, सोन्याच्या नाण्यावर त्याच जागी सूर्य येतो. १७०७ मध्ये त्याचा मृत्यू नगरलगत भिंगारला झाला; तेव्हा राज्यारोहणाचे एक्कावन्नावे वर्ष चालू होते. नगरचा संग्राहक '५१' हा आकडा असलेला रुपया आवर्जून मागतो.

आणि आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाल्यापासून होळकरांच्या महेश्वर टाकसाळीचा रुपयाही लोक विचारू लागले आहेत. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ मध्ये जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. त्यांच्या राज्यातल्या महेश्वरच्या रुपयावर लेख मुघल बादशहा शाहआलमच्या नावाचा, पण सोबत शिवलिंग आणि बेलाचे पान. त्यांच्या तीनशेव्या जयंतीला, ३१ मे २०२५ रोजी, भारत सरकारने तीनशे रुपयांचे स्मरणनाणे काढले. शेजारी शेजारी ठेवलेली ही दोन नाणी पाहायला टेबलासमोर मुले थांबतात, तेव्हा मला फार बरे वाटते.

दोन अर्ध्या लेखांचा एक पूर्ण लेख

जुनी नाणी हाताने पाडली जात. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यावर धातूची तापवलेली चकती, वरचा ठसा हातात धरून त्यावर घणाचा घाव. दख्खनच्या तांब्यात ठसा मोठा आणि चकती लहान असे सर्रास असते. त्यामुळे ठशावर कोरलेला पूर्ण लेख एका नाण्यावर सहसा उतरत नाही. एकावर टाकसाळीचे नाव येते आणि सन बाहेर राहतो, दुसऱ्यावर सन येतो आणि नाव कापले जाते.

मोठ्या प्रदर्शनाचा खरा लाभ मला इथे दिसतो. माझ्याकडच्या फलूसवर लेखाची डावी बाजू असते. चार टेबले सोडून बसलेल्या सोलापूरच्या किंवा हैदराबादच्या विक्रेत्याकडे उजवी बाजू असलेले नाणे निघते. दोन्ही भिंगाखाली घेतली आणि एखाद्या अक्षराची वळणे, ठशाला गेलेली बारीक चीर, एखादा ठिपका जुळला, की दोन्ही एकाच ठशातून निघाली हे सिद्ध होते. मग दोन अर्ध्या लेखांचा एक पूर्ण लेख वाचता येतो. दख्खनच्या सुलतानांची नाणी आपण आज वाचू शकतो ती अशाच जुळवाजुळवीवर. स्टॅन गोरॉन आणि जे. पी. गोएंका यांचा भारतीय सल्तनतींच्या नाण्यांवरचा ग्रंथ २००१ मध्ये आला. मराठा टाकसाळींवर के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा ग्रंथ १९८९ मध्ये नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेने काढला. हे ग्रंथ टेबलाखाली नसतील असा दख्खनचा विक्रेता विरळा. एवढ्या नोंदी होण्यासाठी असंख्य संग्राहकांना आपल्या पेट्या उघडाव्या लागल्या.

शिवराईचेही तसेच. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसरीकडे 'छत्रपति' हा लेख सगळ्यांना ठाऊक आहे. पण हाताने कोरलेल्या ठशांमुळे अक्षरांची वळणे, वेलांट्या, ओळींची मांडणी यांत इतके प्रकार आहेत की फक्त शिवराईचा संग्रह करणारे लोक आहेत. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर सुरू झालेले हे नाणे महाराजांच्या मागेही पिढ्यान्‌पिढ्या पाडले गेले. लेखाच्या मध्ये दोन समांतर रेघा असलेली दुदांडी शिवराई पेशवाईतली. म्हणून प्रत्येक शिवराई 'शिवकालीन' म्हणून विकणे बरोबर नाही. महाराजांच्या नंतर दीडशे वर्षे लोकांनी त्याच नावाचा पैसा हातात बाळगला, ही गोष्ट त्या दाव्यापेक्षा मोठी आहे, आणि मी गिऱ्हाइकाला तीच सांगतो.

बटव्यातून काय निघते

दुपारनंतर घरातली नाणी दाखवायला लोक येतात. एखादी आजी रुमालाची गाठ सोडते आणि पुतळ्यांच्या माळेतली एक पुतळी पुढे करते. "भाऊ, आमच्या सासूबाईंची हाये. बघा बरं, काय हाये ती." बहुतेक पुतळ्या इथल्या सोनारांनी केलेल्या असतात, पण त्यांचे मूळ आहे व्हेनिसचे डुकाट, साधारण साडेतीन ग्रॅमचे, जवळजवळ शुद्ध सोन्याचे. त्यावर एका बाजूला संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख आणि दुसरीकडे ताऱ्यांच्या वेढ्यात उभा येशू. मिरी-मसाल्याच्या व्यापारात हे सोने हिंदुस्थानात आले आणि त्याच्या नकला दागिन्यात शिरल्या. हे ऐकल्यावर आजी ती पुतळी विकत नाही, परत बांधून घेते. मला तो दिवस चांगला गेल्यासारखा वाटतो.

सगळे इतके गोड नसते. '१८१८' असे साल, ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि रामदरबार किंवा हनुमान असलेले तांब्याचे जाड नाणे घेऊन लोक मोठ्या आशेने येतात. मद्रासकडच्या कंपनीच्या काही होनांवर देवमूर्ती होत्या हे खरे. पण ही नाणी कंपनीच्या कोणत्याही टाकसाळीची नाहीत. ती अलीकडे तयार केलेली आहेत. वीज पडलेले किंवा तांदूळ ओढून घेणारे 'राईस पुलर' नाणे कोट्यवधीला जाते, ही तर सरळ फसवणूक आहे. तांब्यात असली शक्ती नसते. २०१२ सालच्या वैष्णोदेवीच्या पाच रुपयांना लाखो मिळतात असे सांगून लोकांकडून आधी 'शुल्क' उकळले जाते. असल्या प्रकारांत आपले नाव वापरले जात आहे, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. खऱ्या विक्रेत्याची ओळख एवढीच ठेवा की नाणे विकत घेताना तो तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून मागत नाही.

घरच्या घरी करता येईल अशी तपासणीही आहे. १८३५ नंतरच्या प्रमाणित चांदीच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी १२ पैकी ११ भाग. असा रुपया बारीक दोऱ्याने पाण्यात बुडवून टांगला, की काट्यावर त्याचे वजन सुमारे १.१३ ग्रॅमने कमी भरते. जर्मन सिल्व्हरची नक्कल असेल तर घट साधारण १.३५ ग्रॅमची येते. १९४० पासून रुपयात चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा. तो लोहचुंबकाला चिकटतो, चांदी चिकटत नाही. १९३९ च्या रुपयाचे मोल मोठे म्हणून दुसऱ्या सालच्या रुपयाचा आकडा बदलून केलेले तुकडे फिरतात. तिथे शेवटचा आकडा भिंगाखाली पाहावा. ओतीव नकलेत पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे असतात, अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात आणि काठावर जोडाची रेघ असते.

एक कळकळीची सूचना. नाणे चिंचेने, लिंबाने, पितांबरीने घासू नका. शेकडो वर्षांत तांब्यावर जो काळपट-हिरवा थर बसतो तो नाण्याचे रक्षण करतो. तो गेला की अक्षरांच्या कडा जातात, आणि किंमतही जाते.

जोगळटेंभीचा धडा

आता मूळ मुद्द्याकडे. १९०६ मध्ये नगरच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजार अडीचशेहून अधिक नाणी, सगळी क्षहरात राजा नहपानाची. त्यांतल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा मारलेले होते. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी तो साठा एकत्र तपासून १९०८ मध्ये प्रसिद्ध केला.

या मोजणीतून काय कळले पाहा. सातवाहनाने नहपानाचा पराभव करून त्याचा पैसा आपल्या नावावर चालवला, याचा हातात धरता येईल असा पुरावा मिळाला. निम्म्याहून जास्त नाण्यांवर नवा ठसा आहे, पण सगळ्यांवर नाही. म्हणजे साठा पुरला गेला तेव्हा ते काम चालू होते. हे निष्कर्ष एका नाण्यावरून निघत नाहीत. ठसा असलेले एक नाणे सांगते की असा ठसा मारला गेला. त्याचे प्रमाण किती, जुने आणि नवे एकत्र चालत होते का, हे फक्त न फुटलेला साठा सांगतो. तोच साठा गावातल्या दहा घरांत, मग पाच सराफांकडे, मग देशभरच्या टेबलांवर वाटला गेला असता, तर एकेक नाणे सुरक्षित राहिले असते आणि इतिहास गेला असता.

यासाठी कायदाही आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो. लोक भीतीपोटी लपवतात, पण ज्याला निधी सापडला त्याचा हक्क त्या कायद्याने मानलेला आहे. शासनाने निधी घेतला तर मोबदल्याची तरतूद आहे, आणि लपवणे हाच गुन्हा आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपुढची नाणी खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. जमिनीतून नुकताच निघालेला ढीग कोणी विकायला आणला तर मी तो घेत नाही. कुठे कळवायचे ते सांगतो. मातीचा वास असलेला माल स्वस्तात मिळतो हे मला ठाऊक आहे. पण तो घेणारा विक्रेता स्वतःच्याच धंद्याचे मूळ खणत असतो, कारण माहिती नसलेल्या नाण्यांनी भरलेल्या बाजारात शेवटी फक्त धातूचा भाव उरतो.

घराघरांतून, मोडीतून, वाटण्यांतून येणाऱ्या सुट्या नाण्यांचे काय? ती निखात निधी कायद्याच्या कचाट्यात येत नाहीत, पण त्यांचीही एक ओळ लिहून ठेवता येते. मी कागदी होल्डरवर भावाच्या शेजारी गाव लिहितो. पारनेर, शेवगाव, कर्जत, श्रीगोंदा. किती नाणी एकत्र आली आणि कोणती, हे वहीत टिपतो. सुरुवातीला सोबतचे विक्रेते विचारत, "गाव लिहून भाव वाढतो का?" आता वाढतो. जाणता संग्राहक गाव लिहिलेला फलूस आधी उचलतो.

निजामशाहीच्या पैशाचा नकाशा अजून पूर्ण काढला गेलेला नाही. परांड्याचे तांबे गोदावरीच्या पलीकडे किती गेले, बुरहानाबादचे कोणत्या बाजारांत चालले, बहमनी नाणी त्यांच्याबरोबर किती काळ फिरत राहिली, या प्रश्नांची उत्तरे दिल्ली-लंडनच्या संग्रहालयांतल्या निवडक सुंदर नाण्यांत सापडणार नाहीत. ती आमच्या मोडीच्या गाठोड्यांत आहेत, आणि ती वाचायची तर प्रत्येक नाण्याबरोबर गावाचे नाव हवे. ही नोंद विद्यापीठातला संशोधक करू शकत नाही, कारण त्याच्याकडे नाणे येईपर्यंत ते पाच हातांतून गेलेले असते. पहिला हात सराफाचा, मोडवाल्याचा आणि आमचा. म्हणून पुढच्या प्रदर्शनाला येणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याला माझी विनंती आहे, पेटीबरोबर वही आणा. आणि तिच्या नकला नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाला आणि अंजनेरीच्या संस्थेला द्या. वाचक म्हणून तुमचे काम त्याहून सोपे आहे. देव्हाऱ्यातले, कोनाड्यातले, आजीच्या बटव्यातले नाणे हाती आले तर ते घासू नका, सोबतच्या नाण्यांपासून वेगळे करू नका, आणि ते कुणाकडून, कुठून आले हे आजच कागदावर लिहून त्याच्याजवळ ठेवा. सांगणारी माणसे घरात आहेत तोवरच ही माहिती मिळणार आहे.